बर्निंग मॅनला कुठला कॅम्प धरावा? सल्ला हवा

सनीव्हेलकर:
मंडळी, ऑगस्टच्या शेवटी मी आणि बायको पहिल्यांदाच नेवाडाच्या वाळवंटात बर्निंग मॅनला (आठवडाभर तिथेच राहायचा कला-संगीताचा मेळा) चाललोय. तिकिटं हातात आहेत, अडलंय ते कॅम्पवर, म्हणजे कुठल्या गटाबरोबर राहायचं त्यावर. दोन ठिकाणांहून होकार आलाय, एक १० च्या टोकाचा (तिथले रस्ते घड्याळाच्या आकड्यांनी ओळखतात, २ पासून १० पर्यंत) मोठा साउंड कॅम्प, म्हणजे रात्रभर संगीत वाजवणारा, आणि दुसरा ७:३० च्या रस्त्याच्या आसपासचा छोटा, जो सकाळी येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा पाजतो. वर्गणी माणशी ४०० डॉलरच्या वर नको. बायकोची झोप सावध आहे. कुठला घेऊ?

बाळ्या_फ्रीमाँट:
४०० मध्ये काय होतंय हो? आम्ही १२०० भरले, दोन वेळचं जेवण, शॉवर, जनरेटर सगळं त्यात. उन्हात सायकल हाणून आल्यावर गरम ताट समोर येतं ते सुख वेगळंच. तिथे पैशाकडे बघू नका.

रेनोची_काकू:
आयतं ताटच हवं तर वेगासला जावं. बर्निंग मॅन सुरू करणाऱ्या लॅरी हार्वीनी २००४ साली त्याची दहा तत्त्वं लिहिली त्यात स्वावलंबन पण आहे आणि सहभाग पण. सनीव्हेलकर, १० ला मुळीच जाऊ नका. मोठे स्पीकर २ आणि १० या दोन टोकांनाच असतात, पहाटेपर्यंत छाती हादरते, कानात बोळे घालून भागत नाही.

बाळ्या_फ्रीमाँट:
काकू, आम्ही पण शिफ्ट लावून भांडी घासतो. आयतं कोण खातंय?

धूळभरला:
पहिल्या वर्षी कॅम्पच नको, ओपन कॅम्पिंग करा, म्हणजे मोकळ्या जागेत आपला आपण तंबू. मी एका कॅम्पात वर्गणी भरली आणि सावलीचा मांडव शेवटपर्यंत उभाच राहिला नाही, सकाळी नऊला तंबूची भट्टी. तरी कॅम्प घेणारच असाल तर पैसे देण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा: सावली कोणाची, वीज किती वेळ, भांड्यांचं सांडपाणी कोण परत नेणार (जमिनीवर ओतता येत नाही), आणि शेवटी आवराआवरीला किती दिवस थांबायचं.

पंत_न्यूजर्सी:
आरव्ही घ्या आरव्ही, आत राहायची सोय असलेली गाडी. २०२३ ला पाऊस पडला, गेट बंद, गाडी हलवायची नाही, चिखल बुटाला असा चिकटायचा की पाऊल उचलवेना. आम्ही आत बसून पोहे खाल्ले. भाडं विचारू नका.

रेनोची_काकू:
भाडं राहू द्या, ती धूळ साफ करायचे वेगळे घेतात ते सांगा की! धूळ अल्कधर्मी असते, टाचा फुटतात. रोज रात्री व्हिनेगरमध्ये पाणी घालून पाय पुसायचे, मग क्रीम. पाणी माणशी रोज दीड गॅलन धरा. विकत फक्त बर्फ मिळतो, बाकी काही नाही.

मिलपिटासची_मनू:
आरव्हीला +१. आणि १० ला नका जाऊ, फार आवाज असतो.

सनीव्हेलकर:
सगळ्यांचे आभार. धूळभरला यांचे चार प्रश्न दोन्हीकडे पाठवले. चहावाल्यांचं सांडपाण्याबद्दल अजून उत्तर नाही. साउंड कॅम्पवाल्यांनी त्याच रात्री मांडवाचा नकाशा, टाकीचा आकार, शिफ्टचा तक्ता सगळं धाडलं, वर्गणी ३५०, फक्त आवराआवरीला मंगळवारपर्यंत थांबायचं. बायको म्हणाली आठवडाभर नाचायलाच चाललोय, झोप घरी आल्यावर काढू. तेव्हा १० च नक्की केलं, पैसेही भरले. चहाला सकाळी सायकलवर ७:३० च्या कॅम्पला जाऊच. आता सायकली रेनोत जुन्या घ्याव्यात का इथूनच गाडीवर बांधून न्याव्यात?