जन्मतः 2.3 किलो, आठव्या महिन्यात 9.5: गुटगुटीत की काळजीचं?

प्रश्न (मालवण): मुलगी आहे. पावडरचं दूध चालू, शिवाय नाचणीसत्त्वात गूळ. घरचे म्हणतात, छान बाळसं धरलंय. वजन उतरवायला हवं का?

उत्तर (रत्नागिरी): उतरवायचं नाही, वाढीचा वेग आवरायचा. कमी वजनाचं बाळ पहिल्या दोन वर्षांत झपाट्याने भरलं, की पुढे लठ्ठपणाचा धोका वाढतो. आधी दूध कसं कालवता ते पाहा. बऱ्याच डब्यांवर 30 मिली पाण्याला एक सपाट चमचा लिहिलेला असतो. तो दाबून, शिगोशीग भरला की प्रत्येक बाटलीत जास्तीच्या कॅलरी जातात. आधी पाणी मोजून घ्या, मग पावडर. चमचा सुरीच्या पाठीने सपाट करा. पातळही करू नका, तेही घातकच.

उत्तर (देवगड): गूळ आजपासून बंद. दोन वर्षांपर्यंत साखर-गूळ नकोच. मऊभात-वरण, बिनगुळाची नाचणी, काटा नीट काढलेला मासा. बाळाने तोंड फिरवलं की वाटी बाजूला. "एवढा एकच घास" अजिबात नको.

उत्तर (रत्नागिरी): एक राहिलं. नुसतं वजन बघू नका. आडवं निजवून लांबी मोजा, अंगणवाडीतल्या तक्त्यावर लांबीच्या मानाने वजन पाहा. आईला गरोदरपणात मधुमेह होता का, हेही डॉक्टरांना सांगा.