कुतच्या वेढ्यातल्या मराठा शिपायाची नोंद कुठे मिळेल?

मदत हवी आहे. आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात ११० व्या मराठा पलटणीत शिपाई होते. डिसेंबर १९१५ पासून ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुत-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात अडकली, त्यात तेही. अन्न संपत आलं, शेवटी घोडे कापून खाल्ले. २९ एप्रिल १९१६ ला डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड शरण गेला आणि सुमारे १३,००० जण तुर्कांच्या कैदेत गेले. पणजोबा परतलेच नाहीत.

बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांचा फक्त आकडा कोरलाय, नावं नाहीत. हे फार लागतं मनाला.

घरच्या पदकाच्या कडेवर त्यांचा नंबर आहे. त्यावरून कैद्यांच्या यादीत शोध घेता येतो का? बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरशी कुणी पत्रव्यवहार केलाय का? अर्जात काय लिहावं, कृपया सांगा.