मदत हवी आहे: स्ट्रॉबेरी क्रीम चीज केक मधोमध ओलसर राहतो

रथसप्तमीच्या आत घरी हळदीकुंकू आहे, पंचवीसेक जणी येतील. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सध्या छान मिळतेय, म्हणून सोपा, ट्रेमध्येच वड्या पाडता येतील असा केक करायचा आहे. बिनअंड्याचाच हवा.

प्रमाण: मैदा 200 ग्रॅम, साखर 150, दही 200, तेल 100 मिली, बेकिंग पावडर दीड चमचा, सोडा अर्धा चमचा. वर क्रीम चीज 200 ग्रॅम, थोडी पिठीसाखर घालून फेटलेलं, आणि स्ट्रॉबेरीचे तुकडे 250 ग्रॅम. 9 इंची चौकोनी टिन, ओटीजी, 170 अंशांवर 40 मिनिटं.

कडा सुरेख होतात, पण प्रत्येक तुकड्याभोवती गुलाबी, चिकट, कच्चट पीठ राहतं. तुकडे मैद्यात घोळवून पाहिले, साखर लावून पाणी निथळूनही पाहिलं, फरक जेमतेम. वेळ वाढवला तर कडा कोरड्या पडतात. ओटीजीचं तापमान थर्मामीटरने तपासलंय, ते बरोबर आहे. क्रीम चीज ठोकळ्याचं आहे, डब्यातलं पातळ नाही.

फ्रोझन फळ किंवा तयार क्रश नको. ताज्या स्ट्रॉबेरीची चव तीच तर मजा! केक आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवणार आहे.

स्ट्रॉबेरी आधी कढईत आटवून घेतली तर किती दाट करायची? की फळ आत घालूच नये, गार केकवर क्रीम चीज लावून आयत्या वेळी वर मांडावं? आणि तसं केलं तर त्याला पाणी न सुटता किती वेळ टिकेल?