गव्हावर मावा: फवारणीचा खर्च निघतो का?

ओंबी:
गहू निसवलाय, म्हणजे ओंब्या बाहेर पडल्यात, फुलोरा संपत आलाय. काल शेतात आडवंतिडवं फिरून 50 फुटवे मोजले. 31 वर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, होता. काहींवर 3-4, पण बांधाकडच्या ओळींत एकेका ओंबीवर 20-25. सरासरी फुटव्याला 6. पानं चिकट लागतात. गेल्या हंगामात घाबरून दोनदा फवारलं. मळणीला फवारलेल्या आणि मुद्दाम सोडलेल्या पट्ट्यात पोत्याचाही फरक निघाला नाही. त्याच्या आदल्या वर्षी काहीच केलं नाही, तर दाणा बारीक राहिला. दोन्ही वेळा घरच्या पैशाला फटका बसला. नेमका किती मावा झाला की फवारावं?

बांधावरून:
ताई, सगळीकडे चालेल असा एकच आकडा नाही. खर्च आधी गव्हात मोजा. औषध, मजुरी, इंधन, पायाखाली तुडवलेलं पीक, सगळं मिळून समजा एकरी 80 किलो गव्हाइतकं होतं. उतारा 16 क्विंटल धरला तर हे 5 टक्के झाले. शिवाय फवारणीने सगळं नुकसान टळत नाही. पाचातलं चार हिस्से टळलं असं धरलं, तर 80 किलो वाचवायला निदान 100 किलोचं नुकसान होणार असं दिसायला हवं. त्याच्या आत फवारलं तर पदरचे पैसे जातात. 1959 साली कीटकशास्त्रज्ञ स्टर्न आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या आर्थिक नुकसानीच्या पातळीमागचा हिशेब हाच. भाव पडला की त्याच खर्चाला जास्त किलो लागतात, म्हणून पातळी वर सरकते.

आता वेळ. फुलोऱ्यापासून चीक भरेपर्यंतचा मावा दाण्याचं वजन खातो. दाणा घट्ट व्हायला लागल्यावर तेवढाच मावा फारसं बिघडवत नाही. गेल्या हंगामात तुम्ही कोणत्या अवस्थेत फवारलंत? मला शंका तिथेच आहे.

आणि फुगलेला, तपकिरी, जागेवरच चिकटलेला मावा वेगळा मोजा. त्याच्या पोटात परजीवी कीटकाची अळी असते, तो मेल्यातच जमा.

जवसातू:
माझं नुकसान मोजणीत दिसलंच नव्हतं. सातू रोपावस्थेत असताना मावा अगदी तुरळक होता, म्हणून सोडून दिला. पुढे पानं शेंड्याकडून पिवळी पडली, झाडं बुटकी राहिली. बार्ली यलो ड्वार्फ हा विषाणू मावाच पसरवतो, आणि लागण झाल्यावर फवारून झाड बरं होत नाही. तुमचा गहू निसवलाय, तुम्हाला ती धास्ती कमी. पण पुढच्या पेरणीआधी शेतात आपोआप उगवलेली गव्हाची रोपं काढून टाका, मावा आणि विषाणू त्यांच्यावरच तग धरतात.

ओंबी:
दादा, वही काढून बघितली. गेल्या हंगामातली पहिली फवारणी दाणा घट्ट होत आल्यावरची, दुसरी त्यानंतर आठवड्याने. तुमची शंका बरोबर निघाली.

आज पुन्हा 50 फुटवे मोजले. जिवंत मावा सरासरी 4 वर आलाय, तपकिरी फुगलेले 40 च्या वर दिसले, मावा खाणाऱ्या ढालकिड्याच्या अळ्याही आहेत. आज पंप बाहेर काढत नाही. तीन दिवसांनी बांधाकडच्या ओळी वेगळ्या मोजते. तिथेच वाढला तर तेवढाच पट्टा फवारेन, आणि आकडे इथे टाकेन.