शब्दचर्चा: ड्रायव्हर टाकला, चढवला की घेतला?

कानामात्रा
लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर लॅपटॉपचं वायफाय चालत नसेल तर काय काय तपासायचं, याचं मराठी टिपण करतोय. मजकूर जमलाय, गाडी अडलीय क्रियापदांपाशी. ड्रायव्हर म्हणजे वायफाय कार्डासारखा भाग चालवणारं सॉफ्टवेअर. 'ड्रायव्हर टाकला' असं आपण सर्रास म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात. ड्रायव्हरचं पॅकेज (फाइलींचा गठ्ठा) डिस्कवर आलं, ही एक. त्यातलं मॉड्यूल (ड्रायव्हरचा तुकडा) चालू कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या मूळ भागात, गेलं, ही दुसरी. मग त्या मॉड्यूलने कार्ड ओळखून त्याचा ताबा घेतला, ही तिसरी. 'टाकलाय तरी चालत नाही' म्हणणारा नेमका कुठे अडलाय हे त्या वाक्यावरून कळत नाही. तीन क्रियापदं सुचवा. 'चालक' आणि 'प्रस्थापित करणे' कृपया नको.

तिरकस
चालक कोण सुचवणार? गाडी चालवणाऱ्यालाही आपण ड्रायव्हरच म्हणतो, चालक फक्त बातमीत 'फरार' होतो.
पहिल्याला 'टाकणे' ठेवा, रुळलेलं आहे. दुसऱ्याला 'चढवणे', तिसऱ्याला 'बांधणे'.

शाईपेन
दोन्हींत अडचण आहे. 'चढवणे' अपलोडकडे गेलंय, मराठी विकिपीडियावर 'संचिका चढवा' म्हणजे तेच. आणि 'बांधणे' म्हटलं की बाइंड (जोडणे) की बिल्ड (तयार करणे)? बाहेरून आणलेले ड्रायव्हर बहुतेक डीकेएमएस या मॉड्यूल बांधून देणाऱ्या साधनामार्फत येतात, आणि कर्नलची नवी आवृत्ती आली की ते मॉड्यूल त्या आवृत्तीसाठी पुन्हा 'बांधावं' लागतं. हेडरचं पॅकेज (बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) नसेल तर ते बांधलंच जात नाही, म्हणून अपडेटनंतर वायफाय गेल्याच्या तक्रारी येतात. एकाच परिच्छेदात दोन्ही अर्थांनी 'बांधणे' आलं तर वाचणारा कपाळाला हात लावेल.

माझं मत 'घेणे'. 'लॅपटॉप पेनड्राइव्ह घेत नाही' असं आपण बोलतोच. मग 'कर्नलने मॉड्यूल घेतलं' आणि 'ड्रायव्हरने कार्ड घेतलं'. क्रियापद एकच, पण कर्ता बदलतो आणि पायरी कळते. 'टाकला' मध्ये कर्ता माणूस असतो, म्हणून सगळा दोष त्याच्यावर येतो.

कानामात्रा
शाईपेनताई, हे आवडलं. शिवाय तपासणीच्या आउटपुटशी ते बरोबर जुळतं. 'एलएसपीसीआय -एनएनके' ही जोडलेली कार्डं दाखवणारी आज्ञा दिली की कार्डाच्या नावाखाली दोन ओळी येऊ शकतात: 'कर्नल मॉड्यूल्स' आणि 'कर्नल ड्रायव्हर इन यूज'. पहिली म्हणजे हे कार्ड कोण कोण घेऊ शकतं, दुसरी म्हणजे प्रत्यक्षात कोणी घेतलंय. पहिली आहे आणि दुसरी नाही, तर ड्रायव्हर डिस्कवर पडून आहे, कार्ड कोणीच घेतलेलं नाही. दोन्ही नसतील तर त्या कर्नलपाशी या कार्डाचा ड्रायव्हरच नाही. उदाहरणार्थ, रियलटेकची ८८५२ मालिकेतली कार्डं ज्या आरटीडब्ल्यू८९ ड्रायव्हरने चालतात, तो कर्नलमध्ये ५.१६ पासून आला. त्याआधीच्या कर्नलवर, ड्रायव्हर बाहेरून आणला नसेल तर, कितीही शोधा, या दोन ओळी मिळणार नाहीत.

दुपारवारा
मध्येच एक शंका. कर्नल तो की ते? आणि 'कर्नल बदलले' लिहिलं तर लष्करातले बदलले असं वाटतं. 'गाभा' लिहावं का?

तिरकस
'गाभा' सुंदर आहे, पण शोधायला गेलात तर काही सापडणार नाही. एरर मेसेज इंग्रजीत येतो, मदत त्याच शब्दांनी शोधावी लागते. कर्नल पुल्लिंगी ठेवा. लष्करातल्या साहेबांना आपण एरवीही आदरार्थी बहुवचनच लावतो, तेव्हा एकवचनी कर्नल म्हटला की तो यंत्रातलाच.

शाईपेन
शब्द इंग्रजी राहिले तरी चालतील, चुकीचं मराठी मात्र नको. सगळ्यात फसवा शब्द 'काळी यादी'. आपल्याकडे कंत्राटदार काळ्या यादीत गेला म्हणजे त्याला दारच बंद. मॉडप्रोबच्या (मॉड्यूल कर्नलमध्ये आणणाऱ्या आज्ञेच्या) 'ब्लॅकलिस्ट'चं तसं नाही. तिथे नाव घातलं तर कार्ड दिसल्याबरोबर ते मॉड्यूल आपोआप घेतलं जात नाही, इतकंच. तुम्ही नाव घेऊन बोलावलंत, किंवा दुसऱ्या मॉड्यूलला त्याची गरज पडली, तर ते हजर. ब्रॉडकॉमच्या काही कार्डांवर बी४३ आणि कंपनीचा 'डब्ल्यूएल' हे दोन ड्रायव्हर एकमेकांच्या पायात येतात, म्हणून एकाला मागे ठेवायला ही यादी वापरतात. 'बंदी' लिहिलंत तर वाचणारा म्हणेल, बंदी घातली तरी हे लोड कसं झालं?

कानामात्रा
मग 'आपोआप घेऊ नये अशांची यादी'? लांब आहे.

शाईपेन
लांब असू दे. एकदा नीट सांगा, पुढे 'ब्लॅकलिस्ट' म्हणा.

दुपारवारा
आरएफकिल या वायफाय बंद-चालू करणाऱ्या सोयीमधल्या 'सॉफ्ट ब्लॉक' आणि 'हार्ड ब्लॉक'ला एका ठिकाणी 'मऊ अडथळा' आणि 'कठीण अडथळा' वाचलं. दोन दिवस हसत होतो.

तिरकस
'आज्ञेने बंद' आणि 'बटणाने बंद' म्हणा. पहिला 'आरएफकिल अनब्लॉक' ने सुटतो. दुसरा त्या आज्ञेला दाद देत नाही, लॅपटॉपच्या कडेचं स्विच किंवा बायोसमधली (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ मेनूतली) सेटिंग बघावी लागते. असं नाव दिलं की उपाय वेगळा लिहायची गरज नाही.

उंबर
उशिरा आले, पण 'टेंट'बद्दल (डाग लागण्याबद्दल) कोणी बोललं नाही. डिजिटल सही नसलेलं किंवा बाहेरचं मॉड्यूल आलं की कर्नल स्वतःला 'टेंटेड' म्हणवतो. आमच्या गटात 'कर्नल बाटला' म्हणतात. अर्थ चपखल बसतो: मॉड्यूल काढलं तरी खूण जात नाही, रीबूट होईपर्यंत राहते.

शाईपेन
चपखल आहे, पण 'बाटणे' आपल्यासोबत काय काय घेऊन येतं ते तुम्हालाही माहीत आहे. लेखी टिपणात 'डागाळला' पुरे. आणि हेही लिहा की डागाळलेला कर्नल बिघडलेला नसतो. दोष शोधणाऱ्यांना कळावं म्हणून ती नोंद असते. सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर गोष्ट वेगळी, तिथे सहीविना मॉड्यूल सहसा घेतलंच जात नाही.

कानामात्रा
शेवटचं. फर्मवेअर शब्द तसाच ठेवतोय. ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो, फर्मवेअर कार्डाच्या आत, हा फरक एका ओळीत दिलाय. पण इंटेलच्या कार्डांवर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) 'डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -२' दिसतं आणि लोक घाबरतात. याला 'फर्मवेअर निकामी झालं' लिहिलेलंही पाहिलंय.

उंबर
निकामी अजिबात नाही. उणे दोन म्हणजे फाइल सापडली नाही. आयडब्ल्यूएलवायफाय हा इंटेलचा ड्रायव्हर आधी सगळ्यात नवी आवृत्ती मागतो, ती नसली की एकेक पायरी खाली येत जुनी मागतो. एखादी मिळाली की काम सुरू, वरच्या ओळी तशाच लॉगमध्ये राहतात. शेवटी 'नो सुटेबल फर्मवेअर फाउंड' आलं तरच पॅकेज बघायचं. डेबियन या लिनक्स वितरणावर तर १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं. त्याआधी ते वेगळं आणावं लागायचं, आणि आणायला नेट हवं, नेटसाठी वायफाय हवं!
'मिळालं नाही' लिहा. 'मागितलं, मिळालं नाही, जुनं मागितलं.'

कानामात्रा
घेतलं. हे तिन्ही शब्द याच क्रमाने टिपणात टाकतो.