मदत हवी आहे: ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकाचे १९४६चे मूळ अंक कुठे बघायला मिळतील?

गांधीजी कात्रणं वाचताहेत, पुढ्यात चरखा. मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ साली ‘लाइफ’साठी काढलेला हा फोटो. (आधी सूत कातायला शिका, मगच कॅमेरा, अशी अट होती त्यांना!) मला सुटा फोटो नको, छापील पान बघायचंय: फोटोला जागा किती दिली, खाली ओळ काय, शेजारी जाहिरात कसली. गुगल बुक्सवर स्कॅन चाळले, पण पानाचा खरा आकार आणि छपाईचा काळा रंग त्यात कळत नाही. एका जुन्या वाचनालयात गठ्ठे सोडून दाखवले. निघाले १९५२ नंतरचे, कडा वाळवीने खाल्लेल्या. रद्दीवाले पालथे घातले. विकत नकोय, तासभर बघायला मिळालं तरी पुरे. फक्त रविवारी जमेल. पुण्या-मुंबईत कुठल्या ग्रंथालयात किंवा कुणाच्या संग्रहात हे अंक आहेत?