शंभर कैदी आणि ३१ टक्क्यांची थाप

चोडणचा फेरीवाला
काल इथे टाकलेल्या कोड्याने झोप उडवली, म्हणून लिहितो. समजा, गोव्यातल्या आग्वादच्या तुरुंगात शंभर कैदी. शंभर पेट्या, बाहेर १ ते १०० नंबर, आत प्रत्येकीत कुठल्याही एका कैद्याच्या नंबराची चिठ्ठी. एकेकाने आत जायचं, पन्नास पेट्या उघडून आपला नंबर शोधायचा, सगळं होतं तसं ठेवून गपचूप बाहेर. शंभरही जणांना सापडला तर सुटका, एक जरी चुकला तर सगळे फासावर. आणि टाकणारे म्हणतात, युक्ती केली तर सुटण्याची शक्यता ३१ टक्के! अहो, प्रत्येकाची शक्यता अर्धी. अर्ध्याला शंभर वेळा अर्ध्याने गुणा, दशांशचिन्हापुढे तीस शून्यं येतात. आतलं बाहेर सांगायचं नाही, मग युक्ती कसली? वीस वर्षं हिशेब लिहिलेत मी.

निवृत्त मास्तर, फोंडा
बाब, प्रत्येकाची शक्यता अर्धीच राहते. घसरलात ते गुणाकारात. एकाच्या यशाचा दुसऱ्याशी संबंध नसेल तरच गुणायचं. युक्ती तो संबंधच जोडते. १७ नंबरच्या कैद्याने आधी १७ ची पेटी उघडायची. आत ४२ निघाला तर ४२ ची, तिथे ८ तर ८ ची. ही साखळी फिरून १७ वरच बंद होते. कड्या पन्नासपर्यंत असतील तर त्या साखळीतले सगळे वाचले, एक जास्त झाली की सगळे बुडाले. बुडण्याची शक्यता १/५१ + १/५२ अशी १/१०० पर्यंत बेरीज, म्हणजे ६८.८ टक्के. उरले ३१.२. पीटर ब्रो मिल्टरसन आणि आना गाल यांनी २००३ साली हा प्रश्न मांडला, युक्ती मात्र सुचली सहकारी स्वेन स्क्यूम यांना. मांडणाऱ्यांची ही गत, तिथे तुम्ही अडखळलात यात लाज नाही.

चोडणचा फेरीवाला
टोमणे कळतात मला, मास्तर.

इतिहासवेडा
कोडं राहू द्या. पोर्तुगीज काळात आग्वादला स्वातंत्र्यसैनिक कोंडले होते, तिथे फासाची थट्टा कशाला? आणि पोर्तुगालने सामान्य गुन्ह्यांसाठी फाशी १८६७ सालीच रद्द केली. आजचे कैदी कोलवाळच्या तुरुंगात. निदान तुरुंग तरी नीट निवडा.

कुळागरी
३१ टक्के म्हणजे मटक्यापेक्षा बरं की! ही साखळी आकड्यांना लागते काय, मास्तर?

सांग्याची सून
लागत नाही. माझ्या सासऱ्यांकडे वही होती, रोजचं ओपन-क्लोज, म्हणजे मटक्याचे निघालेले आकडे, लिहिलेली. सहाचा आकडा आठवडाभर आला नाही म्हणजे आज येणारच, हा त्यांचा शोध. त्या शोधात माडांचं भाट गेलं, मग माझ्या बांगड्या. मास्तरांच्या पेटीत चिठ्ठी आधीच ठेवलेली असते, हलत नाही, म्हणून तर साखळी सापडते. मटक्याच्या आकड्याला काल काय आलं ते आठवत नसतं.

कुळागरी
तुमचे सासरे लोभी होते, त्यात वहीचा काय दोष?

सांग्याची सून
मेलेल्या माणसाला लोभी म्हणायला जीभ कशी रेटते रे तुझी?

पणजीचा रिकामटेकडा
मटक्याला नावं ठेवता, आणि मांडवीत कॅसिनोंची दिव्यांची जहाजं उभी आहेत ती दिसत नाहीत? रूलेटच्या चाकावर घरं ३७, एका नंबरावर नफा ३५ पट. शंभरातले २.७ रुपये सरासरी मालकाचेच, तुम्ही डोकं चालवा नाहीतर नारळ फोडा. २०२० पासून गोंयकारांना तिथे खेळायला बंदी म्हणतात. मटक्याच्या चिठ्ठीला मात्र कोण आधारकार्ड विचारतो?

कुळागरी
बरं, लोभी शब्द मागे घेतो. वहिनी, राग सोडा. पण वहीत काहीतरी असतं, हे मी मरेपर्यंत म्हणणार.

सांग्याची सून
म्हण. कुळागर आधी बायकोच्या नावावर कर.

चोडणचा फेरीवाला
मूळ मुद्द्यावर या. काल नातवाला घेऊन चार काडेपेट्या मांडल्या, उघडायच्या दोनच. चार चिठ्ठ्यांच्या मांडण्या होतात चोवीस. सगळ्या करून पाहिल्या, संध्याकाळ गेली. साखळीने दहा वेळा चौघेही सुटले. नुसत्या नशिबावर चोवीसातून दीड वेळा सुटले असते. तेव्हा चार काडेपेट्यांपुरतं मान्य. शंभराचं मास्तर जाणोत. पण जेलर शहाणा असेल तर मुद्दाम शंभर कड्यांची एकच साखळी लावेल, मग?

निवृत्त मास्तर, फोंडा
प्रश्न चांगला आहे. (नातू हुशार दिसतो.) आत जाण्यापूर्वी कैद्यांनी सोडत काढून पेट्यांना आपसांत नवे नंबर द्यायचे, जेलरला पत्ता लागू न देता. पुन्हा ३१ टक्के.

चोडणचा फेरीवाला
आणि शंभरातला एक जेलरला फितला तर? किंवा पन्नासावी पेटी रिकामी गेल्यावर घाबरून एक्कावन्नावी उघडली तर? आमच्या इमारतीत सात बिऱ्हाडं, पंपाची वेळ ठरवून तीन वर्षं झाली. शंभर माणसं ठरल्याप्रमाणे वागण्याची शक्यता काढा आधी, मग बोलू.